दक्षिणेची मोठी काच

२१ जून
नव्या घराचा नकाशा तयार! ट्रोम्सोचा आर्किटेक्ट हवाय कशाला? प्लॉटवर आठवडाभर बसून उजेडाचा अभ्यास केलाय. उन्हाळ्यात इथे नॉर्वेच्या उत्तर टोकाला सूर्य मावळतच नाही, ऊन चहूकडून. दक्षिणेला दोन मजली काच. माझी बायको सिग्रुन म्हणाली, अरे, आणि हिवाळ्यात? हिला नसत्या शंका.

३० सप्टेंबर
घर उभं राहिलं. मागच्या घरातल्या आसलॉगआजी केक घेऊन आल्या. छान उंच झालंय म्हणाल्या. ‘उंच’वर जरा जोर होता का? छे.

१८ नोव्हेंबर, दुपार
सूर्य आता समुद्राला टेकलाय. लवकरच दोन महिने गायब. आमच्या घराची सावली कुठवर जाते ते बघायला गेलो. थेट आजींच्या स्वयंपाकघरात. मेलो!
सूर्य परत येतो त्या दुपारी आजी त्याच खिडकीत बसून नवऱ्याच्या कपातून कॉफी पितात. नवरा वारल्यापासून एकही वर्ष चुकलेलं नाही. हे मला ठाऊक होतं. म्हणजे, नकाशा काढताना आठवलं नाही.
ठराव: उद्याच जाऊन सांगायचं.

१९ नोव्हेंबर
गेलो. ताजा कॉड मासा देऊन आलो. विषय निघाला नाही.

४ डिसेंबर
पुन्हा कॉड. विषय निघाला, आजींनीच काढला. यंदा सूर्याची फार वाट बघतेय म्हणाल्या. मी हवामानावर बोललो. घरी सिग्रुन म्हणाली, तू तोंड उघड, नाहीतर मी उघडते. रात्री जेवण गेलं नाही. लाज वाटते.

६ जानेवारी
कॉड. मोठा.

२० जानेवारी
सापडला उपाय! उद्या आजींना आपल्याकडेच बोलवायचं. काचेसमोर मानाची जागा. म्हणजे गुन्हा नाहीच, उलट उपकार. उगाच जीव जाळला.

२१ जानेवारी
बोलवायला निघालो तर आजीच दारात. हातात सूर्य परततो त्या दिवशी खायचे गोड पाव आणि नवऱ्याचा तो कप. मागे सिग्रुन, आजींची खुर्ची उचलून. आजी म्हणाल्या, अरे, सावली ओट्यावर आली त्याच दिवशी कळलं मला. पण म्हटलं, पोर बिचारं मासे आणतंय, कशाला बोला?
सूर्य आला. आजींनी कप उन्हात धरला आणि डोळे पुसले. माफी माझ्या ओठांवर होती, तिथेच राहिली. खुर्ची काचेच्या मधोमध. मी मागे उभा. मला आजींचा अंबाडा तेवढा दिसला.
जाताना म्हणाल्या, खुर्ची राहू दे इथेच, उद्या येतेच. आणि मासे बंद करू नकोस.