आधी आकडा, मग नमस्कार

३ मार्च

चि. ठकूस,
काकाचे अनेक आशीर्वाद. खोक्यात दिवा पाठवलाय, उलटा धरू नकोस. तुझ्या रोपवाटिकेतल्या त्या बिनखिडकीच्या खोलीत लावायचा. तूच म्हणाली होतीस ना, एलईडी तापला की उजेड घटतो? म्हणून त्याच्या पाठीला पेल्टियरची पट्टी बसवली. वीज दिली की ती एका बाजूनं गार पडते, दुसरीनं तापते. तापणाऱ्या बाजूवर अ‍ॅल्युमिनियमच्या पात्यांचा ठोकळा आणि छोटा पंखा. पाती मीच कापली, कानशीनं घासली. दिवा गार, म्हणजे तेवढ्याच विजेत उजेड जास्त. चाळीस वर्षं फ्रिज दुरुस्त केले ते काय उगाच? मोजून कळव.

लोभ आहेच, तो असाच राहू दे.
तुझा काका

ता. क. मी काकू. दुकान बंद केल्यापासून हे खुर्चीतून उठत नव्हते. या दिव्यापायी महिनाभर उभे आहेत, जेवायला हाका माराव्या लागतात. जरा सांभाळून लिही गं.

११ मार्च

तीर्थरूप काका,
साष्टांग नमस्कार. दिवा सुखरूप पोचला. दुसऱ्या मांडणीवर टांगलाय. उजेड साध्या दिव्याचा शंभर धरला तर तुमच्या दिव्याचा एकशे सहा! टोमॅटोची रोपं खूश, आमच्या साहेबांनीही मान डोलावली. काकूचा गुडघा कसा आहे? तुम्हीही गोळ्या वेळेवर घ्या.

माया असू द्या.
तुमची ठकू

१७ मार्च

चि. ठकूस,
आशीर्वाद. गुडघा, गोळ्या, साहेबांची मान, सगळं पोचलं. विजेचा आकडा तेवढा पोचला नाही. गणितात नापास झालीस त्या वर्षीही तू मला फक्त चित्रकलेचे मार्क कळवले होतेस. भिंतीतल्या सॉकेटला मीटर लावून सगळी वीज मोजायची, हे तुला मीच शिकवलं. पुढच्या पत्रात आधी आकडा, मग नमस्कार.

रागावलो नाही. अजून तरी.
काका

२४ मार्च

बहात्तर वॅट. साधा दिवा चाळीस घेतो.

आता नमस्कार, काका. पट्टी तीस खाते, पंखा दोन. उजेडात जेमतेम सहाची भर, त्यासाठी वीज जवळपास दुप्पट. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. वर ती सगळी उष्णता खोलीतच राहते, रोपांना दोनदा पाणी द्यावं लागतंय. तीनदा मोजलं, कुठेतरी माझी चूक निघावी म्हणून. निघाली नाही.

हे मागच्या पत्राच्या वेळीच माहीत होतं. तुम्ही परत खुर्चीत जाऊन बसाल या भीतीनं लपवलं. चुकलं माझं. रडू येतंय लिहिताना.

पोटात घ्या.
ठकू

२ एप्रिल

चि. ठकूस,
आशीर्वाद. दोन दिवस बसलो खुर्चीत. खोटं कशाला सांगू, वाईट वाटलं. आतली उष्णता बाहेर काढायची तर वीज लागणार आणि फ्रिजची पाठ तापणार, हे गिऱ्हाइकांना जन्मभर सांगत आलो आणि स्वतःच विसरलो. काकू नुसता चहा आणून ठेवत होती. तिसऱ्या दिवशी उठलो ते तुझ्यावरच्या रागानं. मला काय काचेचं भांडं समजलीस? तुझ्या गोड एकशे सहापेक्षा तुझे खरे बहात्तर मला बरे.

आता असं कर. पट्टी काढ. पंखाही काढ. पात्यांचा ठोकळा सरळ दिव्याच्या पाठीला घट्ट आवळ, मधे उष्णता वाहून नेणारी पेस्ट लावायला विसरू नकोस. मग मोज.

वाट पाहतोय. उभ्यानंच.
काका

९ एप्रिल

एकशे चार. चाळीस वॅट.

आता साष्टांग नमस्कार, काका. सहातले चार तुमच्या पात्यांचेच होते, पट्टी नुसती मिरवत होती. मी चारदा मोजलं, साहेबांनी एकदा. ते म्हणाले, उरलेल्या अकरा मांडण्यांनाही असेच ठोकळे हवेत, आणि ज्यानं हा कापला त्याच्याच हातचे हवेत.

काकूला म्हणावं, हाका मारायची तयारी ठेव.

तुमची ठकू