वास येतोय, बाबा

सोमवार, ४ मार्च

डॉक्टरबाईंची गाडी पुन्हा ओढून आणली! भर दुपारी, भर चौकात बंद. सत्तरीची गाडी, ऐंशीच्या बाई — दोघी एकमेकींपेक्षा हट्टी. उन्हात पाइपातच पेट्रोलची वाफ होते आणि इंजिनावरच्या जुन्या पंपाला ती ओढवत नाही. विजेवरचा पंप बसवू म्हणून तीन वर्षं घसा कोरडा केला. आज कुठे हो म्हणाल्या. पण अट घातली — "मिस्त्री, शनिवारी सकाळी बहिणीला डोळ्याच्या ऑपरेशनला न्यायचंय. शुक्रवारी गाडी दारात हवी."

शब्द दिला.

बुधवार, ६ मार्च

पंप आला. सहा व्होल्टचा. बारावाला या गाडीला चालत नाही हे दुकानदाराला तीनदा सांगावं लागलं! टाकीजवळ, खाली, रबरावर बसवला. या पंपाला ओढण्यापेक्षा ढकलणं जमतं. वायरी सुनेनं टाकल्या. हात साफ आहे तिचा. मुलगा ऑफिसात पंख्याखाली, गॅरेज सांभाळते ही.

किल्ली फिरवली — टिक टिक टिक टिक! कार्ब्युरेटर भरत आला तशी टिकटिक मंदावली. सूनबाई टाळ्या वाजवायचीच बाकी होती. मग एकदम थबकली.

"बाबा, वास येतोय."

"पेट्रोलच्या कामात पेट्रोलचाच येणार. अत्तराचा कुठून येईल?"

हसली नाही.

गुरुवार, ७ मार्च

पुन्हा तेच! "गाडीखालून येतोय, बाबा. टाकीच्या बाजूनं." दोनदा खाली शिरलो, बॅटरी मारून पाहिलं. सगळं ठणठणीत कोरडं.

"पंप चालू ठेवून बघा ना."

"चाळीस वर्षं नुसत्या नाकानं गळती शोधलीय मी. तू यात नाक खुपसू नकोस."

जरा मोठ्यानंच बोललो. शेजारचा टायरवाला वळून बघायला लागला. तिनं पाना खाली ठेवला. म्हणाली, "उद्या सकाळी मी तपासल्याशिवाय ही गाडी जाणार नाही." आणि निघून गेली.

तिनं तपासल्याशिवाय! माझ्या गॅरेजातून!

जेवताना मुलगा एकदा माझ्याकडे बघे, एकदा तिच्याकडे — टेनिसची मॅच चालल्यासारखा.

शुक्रवार, ८ मार्च



सून यायच्या आत गाडी काढली. हो, मुद्दामच. रस्ताभर झकास चालली. सिग्नलला उन्हात उभी राहिली, एक आचका नाही. मनात म्हटलं, आता बोल म्हणावं! बाईंच्या फाटकापाशी इंजिन चालूच ठेवलं, त्यांना ऐकवायला. बाई दारात आल्या आणि पायरीवरूनच ओरडल्या — "बंद करा! मिस्त्री, आधी ते बंद करा!"

किल्ली फिरवली. खाली वाकलो. पंपाच्या पुढच्या जोडाचा रबरी पाइप क्लॅम्पच्या आत चिरलेला. पंप चालला की थेंब, थांबला की काही नाही. आणि थेंब पडत होते ते तापलेल्या सायलेन्सरपासून चार बोटांवर. चार बोटं!

त्या थेंबानं बोट ओलं करून नाकाशी धरलं. पाणी असावं तसं.

बाई बघत होत्या. "कधीपासून?"

"सर्दी झालीय जरा."

"सर्दीवाला नाक ओढतो, मिस्त्री. तुम्ही एकदाही ओढलं नाहीत."

माझ्याच्यानं वर बघवेना.

सुनेला फोन त्यांनीच केला. ती स्कूटरवरून नवा पाइप घेऊन आली. जोड बदलला, पंप चालू ठेवला आणि वीस मिनिटं गाडीखाली पडून राहिली. मी बाजूला उभा — परक्या लग्नातल्या पाहुण्यासारखा.

संध्याकाळी

खरं लिहितो. मला माहीत होतं. गेल्या वर्षीच्या मोठ्या तापात वास गेला तो आलाच नाही. चहा नुसता गरम लागतो. या वहीतसुद्धा लिहिलं नव्हतं. लिहिलं की खरं झालं असतं. नाक मेलेल्या मिस्त्रीकडे कोण गाडी देईल? पण चार बोटं... आणि उद्या तीत दोघी म्हाताऱ्या बसणार होत्या.

शनिवार, ९ मार्च

अकरा वाजेपर्यंत कशात लक्ष नव्हतं. मग बाईंचा फोन. वेळेत पोचल्या, ऑपरेशन नीट झालं, चौकात गाडी हूं की चूं न करता चालली. "पंप उत्तम. आणि नाकाचे डॉक्टर माझ्या ओळखीचे आहेत. सोमवारी जायचं. विचारत नाहीये, सांगतेय."

सुनेशी बोलायला हवं. दोनदा तिच्यापर्यंत गेलो, दोनदा पाना मागून परत आलो.

रविवार, १० मार्च

सांगितलं. तापापासूनचं सगळं. म्हटलं, वर्षभर लपवलं तुझ्यापासून, चुकलो.

तिनं फडक्याला हात पुसले. म्हणाली, "मला गेल्या उन्हाळ्यातच कळलं होतं, बाबा. तुम्ही जेवायला घरी गेलात की तुमची प्रत्येक गाडी मी पुन्हा तपासते. ही एकच राहिली."