उपास कुणी करायचा

दि. ३ मार्च
ती. आजीस सा. सलाम वि. वि.
बाळ बरं आहे. पण बाळंत झाल्यापासून तुझी नातसून झोपत नाही, बोलत नाही, भिंतीकडे बघत बसते. प्रार्थनामंडळाचे बंधू म्हणतात, स्वर्गातून हाकललेला एक दूत तिच्यात शिरलाय. असली जात प्रार्थना-उपासाशिवाय निघत नाही, असं प्रभूनंच सांगितलंय. म्हणून कालपासून तिला नुसत्या पाण्यावर ठेवलंय. तूही प्रार्थना कर. लोभ असावा.
तुझा नातू

दि. ६ मार्च
चि. नातवास अ. आ.
आशीर्वाद रीत म्हणून लिहिलाय, द्यावासा वाटत नाही. ओली बाळंतीण आणि नुसतं पाणी? अंगावरचं पोर काय भिंत चाटणार?
प्रभूनं उपास सांगितला तो शिष्यांना. एका पोरातलं भूत त्यांच्यानं निघेना म्हणून. त्या आजारी पोराच्या तोंडची भाकर नव्हती काढली. तू बेकरीत येता-जाता पाव तोंडात कोंबणार आणि उपास बायकोच्या नावावर! वा रे लढवय्या!
सैतान नाही, असं मी म्हणत नाही. पण तो मुळात दूत. वचनं त्याला तोंडपाठ. सध्या कुणाच्या तोंडून बोलतोय, ते बघ.
तुझा बाप झाला तेव्हा मीही भिंतच बघत होते. सासू माझी खाष्ट, पण तिनं पोर उचललं, मला जेवू घातलं आणि मी झोपावं म्हणून दार लोटून घेतलं.
लढायचंय ना? मग उपास तू धर. तिला पोटभर वाढ आणि डॉक्टरकडे ने. लोभ सध्या नातसुनेवर आहे.
आजी

दि. ११ मार्च
ती. आजीस सा. सलाम.
तुला खोटं पाडायला उपास धरला. तिला मात्र जेवू घातलं. दुसऱ्याच दिवशी भट्टीत पाव करपले, मालकाच्या अंगावर धावलो. घरी येऊन भिंतीकडे बघत बसलो. बंधू आले. मला बघून म्हणाले, आता ह्याच्यातही शिरलाय.
आजी, माझ्यात भुकेशिवाय काही नव्हतं.
तसाच तिला घेऊन दवाखाना गाठला. ठेवून घेतलंय. डॉक्टरीण म्हणाली, आणखी उशीर केला असता तर दोघं हातची गेली असती. बाळ बाटलीनं दूध पितंय. ती आता झोपते. नर्सशी बोलते, माझ्याशी नाही. हे कसलं लक्षण?
तुझा नातू

दि. १४ मार्च
चि. नातवास अ. आ.
शुद्धीवर आल्याचं लक्षण. शनिवारी येते. तोवर तिच्याशी बोलायला जाऊ नकोस, बाळाचे कपडे धू. लोभ आहे, वाढवायचा की नाही, ते तिला विचारून ठरवीन.
आजी