ती पानं गळालेलीच होती

मम्मी,

तोरणमाळच्या फॅमिली कॅम्पमधल्या क्राफ्टसाठी जमवलेली माझी पानांची पिशवी तू न विचारता फेकलीस. वर कॅम्प भरवणाऱ्या हीनाकाकीला फोन करून सांगितलंस, "आज आठम आहे, जिनल मुलांकडून पानांचे छाप करून घेणार नाही." अगं, आठमला, म्हणजे अष्टमीला, आपण जैन हिरवं तोडत नाही हे मला कळत नाही का? एकही पान तोडलेलं नव्हतं, सगळी झाडाखालची! शेजारच्या दगूबाईसुद्धा म्हणाल्या, "पडेल पानले कसं पाप लागस?"

मी हीनाकाकीच्या गाडीतून पुढे जातेय, तिथे नवी पानं वेचीन. तू आणि पप्पा दुपारी या, तंबूत पलंग, गाद्या, गरम पाणी सगळं आहे. क्राफ्टलाही ये हवं तर. पण तिथे मी टीचर आहे. मध्ये बोललीस तर बाकीच्या पोरांसारखं तुलाही गप्प बसवीन.

जिनल