जहाजावरील एकवीस पानांच्या पंगतीबाबत

प्रति,
मा. भोजन व्यवस्था अधिकारी,
प्रवासी जहाज 'सागरगौरी',
मुंबई बंदर.

अर्जदार : सोमेश्वर गहिनीनाथ शिंगाडे, ग्रामपंचायत लिपिक,
रा. उमापूर, ता. गेवराई, जि. बीड.

विषय : सागरी सहलीत एकाच कुटुंबातील एकवीस जणांना भोजनकक्षात बसविण्याबाबत.

संदर्भ : आपला संदेश. (टेबल गोल व आठ जणांचे, रात्रीच्या जेवणाच्या वेळा सात व नऊ, कोण कुठे बसणार ते शनिवारपर्यंत कळवावे.)

मेहेरबान साहेब,

उपरोक्त संदेश हाती पडल्यापासून अर्जदाराच्या घरात शांतता नाही. अर्जदाराची पुतणी कु. धनश्री ही आपल्याच भोजनकक्षात वाढण्याचे काम करते. तिच्या नोकरीच्या सवलतीत हे कुटुंब प्रथमच समुद्र पाहणार आहे. तिकिटे आली तेव्हा घरात आनंदीआनंद होता. बसायचे कुठे, हा प्रश्न आला आणि सगळे मुसळ केरात गेले. अर्जदार लिपिक असल्याने घरातला कोणताही अर्ज त्याच्याच गळ्यात पडतो, तसा हाही पडला. तो ओसरीत सर्वांसमक्ष लिहिला असून ज्याने जे सांगितले ते तसेच उतरविले आहे.

१. अर्जदाराचे वडील श्री. गहिनीनाथ यांची हयात मेंढरांमागे गेली. मांडी घालून बसल्याखेरीज त्यांना जेवल्यासारखे वाटत नाही. "पाय लोंबकळत ठिवून म्या जेवत नसतो," असे त्यांनी बजावले आहे. सबब त्यांच्यासाठी खाली घोंगडी अंथरण्यास परवानगी असावी. घोंगडी घरून आणण्यात येईल. तथापि वडील खाली असताना मुलांनी वर खुर्चीत बसणे या घराण्यात शोभत नाही, म्हणून उर्वरित मंडळीही खालीच बसतील. मग टेबले कशाला मांडली आहेत, असा प्रश्न साहेबांना पडेल. अर्जदारालाही पडला होता, पण त्याने तो गिळला.

२. सौ. दीपमाला व अन्य दोन सुना (पैकी एक अर्जदाराची पत्नी) सासऱ्यांसमोर जेवत नाहीत. त्यांना खांबाआड जागा मिळावी, मात्र तिथून लेकरांवर नजर राहावी. आपल्याकडील खांबांना आरसे लावलेले आहेत असे धनश्रीकडून समजले. ते आरसे सहल संपेपर्यंत झाकून ठेवावेत.

३. पंगतीचे पहिले पान जावयाचे. पाटोद्याचे जावई श्री. अभिमन्यू टेबल गोल असल्याचे कळल्यापासून फुगून बसले आहेत. गोल टेबलाला पहिले पान कोणते, असे त्यांनी विचारले. तुम्ही बसाल ते पहिले, असे म्हणून अर्जदाराने वेळ मारून नेली, तर मग शेजारचा पहिला नाही कशावरून, असा त्यांचा पुढचा सवाल आला. सबब त्यांच्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या काढून घ्याव्यात. मागणी क्र. १ मान्य झाल्यास खुर्च्यांचा प्रश्नच उरत नाही, हे नजरेस आणून दिले असता, दोन्ही लिहा, असे ते म्हणाले.

४. थोरले बंधू श्री. बंकट आणि धाकटा श्री. नाथा (धनश्रीचे वडील) यांच्यात बोअरच्या पाण्याच्या पाळीवरून दोन वर्षे अबोला आहे. "त्याचं तोंड दिसलं की घास उतरत न्हाई," असे बंकट म्हणतात. नाथाचेही शब्द हेच आहेत. एकाने सातला व दुसऱ्याने नऊला जेवावे असे अर्जदाराने सुचवून पाहिले. परंतु मागून बसणाऱ्याला उरलेसुरले मिळते अशी दोघांचीही खात्री असल्याने दोघांनाही सातचीच वेळ हवी आहे. शिवाय वडिलांपासून दोघांचे अंतर सारखे पाहिजे. अर्जदाराने अंगणात काडीने आकृती काढून पाहिली. तशी जागा फक्त वडिलांच्या डाव्या-उजव्या हाताला निघते, आणि त्यातली डावी बाजू दोघांनाही नामंजूर आहे. या कामी अर्जदाराची मती गुंग झाली असून साहेबांनीच काय तो मार्ग काढावा.

५. अर्जदाराची आई सौ. ताराबाई यांना विचारले असता, भाकरी थापता थापता, मान वर न करता त्या म्हणाल्या, "माझं काय बाबा? समद्यांचं झालं की बसते म्या." जहाजावर स्वयंपाकघर कोणत्या बाजूला आहे, एवढीच त्यांनी चौकशी केली. त्यांची मागणी निरंक.

इथवरचा मजकूर सर्वांना वाचून दाखविला. तो पसंत पडला, सह्या झाल्या आणि मंडळी उठून गेली. पुढील मजकूर अर्जदाराने एकट्याने लिहिला असून तो वरीलपैकी कोणासही कळू देऊ नये.

परवा धनश्रीचा फोन आला होता. ती म्हणाली, "तात्या, तितं आज्जीला मी वाढणार हाय. तिला तेवढं बसवा." पोरीने तिकिटांचा सगळा खटाटोप याचसाठी केला आहे. दसऱ्यानंतर बंकट ऊसतोडीला जातील, आणि नाथा वेगळी चूल मांडायची भाषा करतो. ही पंगत आता झाली नाही तर पुन्हा होईलसे दिसत नाही. अर्जदाराने सर्वांपुढे हात जोडून पाहिले, पण त्याच्या सांगण्याने या घरातले मांजरही जागचे हलत नाही.

सबब विनंती की, मागणी क्र. १ ते ४ आपण साफ फेटाळाव्यात. नकार तोंडी नको. तो छापील कागदावर, गोल शिक्क्यानिशी यावा. या घरात शिक्क्याला मान आहे. सर्वांनी सात वाजता, एकत्र जोडलेल्या टेबलांवर, खुर्चीत बसूनच जेवले पाहिजे, अन्यथा जेवण मिळणार नाही, असे त्यात खडसावून लिहावे. अर्जदाराचे नावही दोषींत घालावे म्हणजे कोणाला शंका येणार नाही.

मधली खुर्ची आईला द्यावी. स्वयंपाकघराचे दार तिच्या पाठीशी असावे, आणि वाढायला धनश्री असावी. अर्जदार सेहेचाळीस वर्षांचा झाला. त्याने आईला निवांत बसून जेवताना पाहिलेले नाही. तिला काय आवडते हे तिच्या तिघा मुलांपैकी एकालाही सांगता येणार नाही, आणि हे लिहिताना अर्जदाराला फार वाईट वाटत आहे.

कोणाला काही कमी पडले की ती उठू लागेल. अर्जदाराने बस म्हटले तर ती बसणार नाही. तेव्हा आपल्या एखाद्या गणवेशातील कर्मचाऱ्याने पुढे होऊन, जेवण संपेपर्यंत उठता येत नाही, असा जहाजाचा नियम आहे, एवढे तिला सांगावे. नियम म्हटल्यावर ती उठणार नाही. आजवर तिने एकही मोडलेला नाही.

आपल्या लेखी नकाराची वाट पाहणारा,

सोमेश्वर गहिनीनाथ शिंगाडे
उमापूर, दि. १० एप्रिल २०२५