कुंकू लावलेलं खोकं

कुंदाअक्का,

गेल्या पोळ्यानंतरच्या सोमवारी सकाळी मी कंपनीत मोतीबिंदूच्या भिंगांच्या खोक्याला कुंकू लावलं, नारळ फोडला. माल निघताना ते काम माझंच. मी संचालक आहे, पण बाकीच्या संचालकांना माझ्याकडून तेवढंच हवं असतं.

ही भिंगं डोळ्यात वर्षभरात धुरकट होतात, असा तपासणीचा कागद दोनच दिवस आधी बैठकीत आला होता. आमचे अध्यक्ष भूपेंद्रभाऊ काजू चघळत म्हणाले, "सोनगीरच्या फुकट शिबिरात पाठवा. म्हातारी माणसं वय झालं म्हणतील." सगळे हसले. मी हसलो नाही, पण माल पाठवायच्या ठरावावर सही केली.

त्या शिबिरात तू होतीस, हे मला ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं, तर फक्त तुझं भिंग बदलून घेतलं असतं. याचीच मला जास्त किळस येते.

परवा तू म्हणालीस, "वना, देवना दिवा बी धुरकट दिखस रे. वय व्हई गयं मनं."

हे पत्र मी टाकणार नाही. टाकलं, तर तुला ते दुसऱ्याकडून वाचून घ्यावं लागेल. उद्या येऊन तोंडानेच सांगेन.

आज धुळ्याला औषध निरीक्षकांकडे तो तपासणीचा कागद देऊन आलो. तक्रारीत दोषींची नावं लिहिली. पहिलं माझं लिहिलं.

तुझा,
वना