पिचरच्या जागी

१० नोव्हेंबर
सराव सातला. थंडी पडली. सोळापैकी नऊ जणी आल्या. मैदानाच्या पूर्वेला लग्नाचा मांडव पडलाय, त्यामुळे तिसरा बेस खुर्च्यांच्या ढिगाला टेकला. पिचर सुषमाने चाळीस चेंडू टाकले. शेवटचे दहा होमप्लेटच्या अलीकडेच पडत होते. चेंडू झेलणाऱ्या कॅचर प्रणालीने मास्क वर करून माझ्याकडे पाहिलं.  
राज्य स्पर्धा २० डिसेंबरपासून. जिल्ह्याचा महिलांचा संघ म्हणजे आमचाच क्लब, इथे दुसरं कोणी बेसबॉल खेळत नाही. यादी १० डिसेंबरपर्यंत द्यायची. पदक मिळून चार वर्षं झाली. गेल्या वर्षी पहिल्याच सामन्यात बाहेर.

१२ नोव्हें.
काळे सरांकडे. क्लब त्यांनी काढला, मला त्यांनी शिकवलं. आता गुडघ्यांमुळे घरातच.
"जुन्या काढ. नव्या पोरी घे. दोन वर्षं हरू दे, मंग टीम होईन."
"या वर्षी तिसरा नंबर येऊ शकतो, सर. सुषमा आहे तोवर."
"सुषमा किती वर्षं आहे वं अजून?"
उलट, तुम्ही कोणाला कसं काढलंत, असं विचारलं.
"मी कोणालेच नाही काढलं. पेटी ठेवली."
खरं आहे. ग्लोव्ह क्लबचे. यादीच्या आठवड्यात सर हिरवी पत्र्याची पेटी मैदानाच्या कडेला उघडून ठेवायचे. आपलं संपलं असं जिला वाटेल तिने स्वतःच्या हाताने ग्लोव्ह आत ठेवायचा. नवीने तो काढून घ्यायचा. बोलायचं कुणीच नाही. मीही तसाच ठेवला होता. तो कुणी घेतला ते पाहायला थांबले नव्हते.
मी कोच झाल्यापासून, सहा वर्षं, पेटी माझ्या पलंगाखाली आहे. एकदाही मैदानावर नेली नाही.

१५ नोव्हें.
सरावानंतर टपरीवर तर्री-पोहे. बाकीच्या गेल्यावर प्रणाली थांबली.
"मॅडम, मार्चमध्ये माझं भरतीचं वय संपते."
माहीत आहे. राज्यात पहिल्या तिघांत आलं तर प्रमाणपत्र सरकारी नोकरीत खेळाडूंच्या कोट्यात चालतं. तिचे दोन लेखी पेपर काही गुणांनी गेले. मागचं पदक आलं तेव्हा ती क्लबमध्ये नव्हती.
"मले फक्त तिसरा पाहिजे. पहिला-दुसरा तुम्ही ठेवा."
हसली. मीही हसले. तर्रीमुळे डोळ्यांत पाणी आलं, दोघींच्याही.

१८ नोव्हें.
आरती. सतरा वर्षांची. चेंडू सुटताना दिसत नाही इतका जोरात. कुठे जाईल ते तिलाही माहीत नसतं. आज वडील सोबत आले, ऑटो रस्त्यावर उभा करून.
"मॅडम, क्रिकेटवाले बोलावून राहिले हिले. इथं दोन वर्षं बेंचवरच हाय."
पुढल्या वर्षी नक्की, मी म्हणाले.
"पुढल्या वर्षी ती इथं नसन." आवाजात राग नव्हता. वेळापत्रक सांगितल्यासारखं.
आरती गेली तर तिच्या वयाच्या आणखी तिघी तिच्यामागे जातील. मग नवी टीम कशातून करायची?

२२ नोव्हें.
सुषमाबरोबर धंतोलीत, खांद्याच्या डॉक्टरांकडे. प्रतीक्षेत दीड तास. समोर यवतमाळकडचं एक कुटुंब डबा उघडून जेवत होतं, आम्हालाही भाकरी देऊ केली.
उजव्या खांद्याचा स्नायू अर्धा फाटला आहे. डॉक्टर म्हणाले, खेळणं थांबवा, नाहीतर एक दिवस हात वर जाणार नाही.
"कोणत्या दिवशी, डॉक्टर?" सु.ने विचारलं.
ते हसले नाहीत. सु. तेहतीसची. बुटीबोरीला कापडाच्या कारखान्यात मागावर आहे. आठ तास हात वरच.
मेट्रोत म्हणाली, "ताई, पोरींले सांगू नका. एक स्पर्धा निघते याच्यात."
बाकी सगळ्या मला मॅडम म्हणतात. ही चौदाची होती तेव्हापासून ताई.
 ती एक स्पर्धा मलाही हवी आहे.

२६ नोव्हें.
कॉलेजात शिकवताना एक वाक्य वर्गाला तीनदा वाचून दाखवलं. तिसऱ्यांदा एका मुलाने सांगितलं.
सहामाहीच्या उरलेल्या उत्तरपत्रिकेच्या पाठीमागे दोन संघ लिहिले. डावीकडे जुना: सु., प्र., मीनल, शबाना... तिसरा येईल, कदाचित. पुढल्या वर्षी यातल्या चार नसतील. उजवीकडे नवा: आरती आणि तिच्या वयाच्या पाच जणी. पहिल्या सामन्यात बाहेर. दोन वर्षांनी चांगला.
कॅचर म्हणून प्र.चं नाव दोन्हीकडे. फरक तिलाच पडतो.
कागद फाडला. मग तुकडे बॅगेत ठेवले, स्टाफरूममध्ये कुणी जुळवील म्हणून. हे काय चाललंय माझं.

३० नोव्हें.
कॉलेजच्या मुलांशी सराव सामना. जुना संघ उतरवला. सु.ने तीन इनिंग टाकल्या, जोर नाही, पण चेंडू सांगितल्या जागी. मुलं चिडून बॅट फिरवत होती. जिंकलो. आरती पूर्ण वेळ बाकावर, बुटाची नाडी सोडत, बांधत.
संपल्यावर सु.ने पाण्याची बाटली डाव्या हाताने उघडायचा प्रयत्न केला. उघडली नाही. शबानाकडे दिली.
दिवसभर खूश होते. जेवताना बाटली आठवली.

३ डिसेंबर
चूक झाली. क्रमाने लिहिते.
काल प्र.च्या पायाच्या पॅडचा पट्टा तुटला. जुने पॅड पेटीत आहेत. पेटी स्कूटरवर पुढे ठेवून मैदानावर नेली. मांडवाच्या बाजूला उघडली, पॅड काढले, झाकण तसंच ठेवून प्र.कडे गेले. तिच्या पायाशी बसून पट्टा आवळत होते. पाठ पेटीकडे.
पत्र्यावर काहीतरी पडल्याचा आवाज आला. मैदान गप्प झालं होतं, तेही उशिरा लक्षात आलं.
सु. बॅग उचलत होती. "ड्युटी आहे. बस जाईन माझी." नेहमीसारखंच. गेली.
प्र. माझ्या डोक्यावरून पेटीकडे पाहत होती. "मॅडम, हे काय केलं तुम्ही?"
"पट्ट्यासाठी उघडली होती."
"त्यायले काय माहीत? यादीचा आठवडा हाय."
तिने पॅड सोडले. मीच बांधलेले.

४ डिसें.
पॅड घरीच काढून पिशवीतून नेता आले असते.
पेटी स्कूटरवर ठेवायला दोरी लागली. दोरी शोधायला दहा मिनिटं गेली. तेवढ्या वेळात माझ्या लक्षात आलं नाही?
आलं नाही. असं वाटतं.

५ डिसें.
मी पोहोचायच्या आत आरतीने मैदानावर राहिलेल्या पेटीतून सु.चा ग्लोव्ह काढून घेतला होता. नियमाने बरोबर. तिच्या हाताला सैल होतो. पहिले अकरा चेंडू प्लेटजवळही नाहीत, एक मांडवाच्या कनातीत. मग सलग सहा असे, की प्र.ला हात हलवावा लागला नाही. प्र. माझ्याशी बोलत नाही, पण सहाव्यानंतर आरतीला म्हणाली, "आता हेच कर. डोकं नको लावू."
मीनल आणि शबाना जाताना थांबल्या.
"मॅडम, आमचंबी सांगून टाका. पेटी कधी उघडता?"
"आम्हाले सुट्टी टाकावी लागते वं, म्हणून विचारून राहिलो." हे शबाना मीनलला, मला ऐकू येईल असं.

७ डिसें.
बर्डीवरून बुटीबोरीची बस. कारखान्याच्या गेटबाहेर चहाची टपरी. सु. शिफ्ट सुटल्यावर आली, केसांत कापसाचे तंतू. मला पाहून आश्चर्य नाही.
"पेटी पट्ट्यासाठी उघडली होती, सुषमा."
"माहीत आहे. पॅड दिसले ना."
"मग ठेवलास काहून?" तिच्यासारखंच बोलून गेले.
"ताई, तीन वर्षं वाट पाहून राहिली होती मी. तुम्ही उघडूनच नाही राहिल्या."
"तू सांगायचंस."
"मी कशी सांगणार? आपल्यात सांगते का कोणी?"
तिने दोन चहा सांगितले, एक बिनसाखरेचा, माझा. आठवणीत आहे तिच्या.
"प्रणालीचं काय?" मी.
ती गेटकडे पाहत होती. "मले विचारू नका. विचारलं तर मी हो म्हणीन."
विचारलं नाही. बस आली. खिडकीतून पाहिलं तेव्हा ती टपरीवाल्याच्या कुठल्याशा बोलण्यावर हसत होती.
विचारायलाच गेले होते.

९ डिसें.
सरांना फोन. ठेवलेला ग्लोव्ह त्याच हातात परत जातो का?
"आजवर गेला नाही."
"नियम कुणी केला?"
"मीच. लिहून नाही ठेवला कुठं." मग म्हणाले, "माझी आई आजारी होती तेव्हा केला. मले कोणालेच तोंडावर काही सांगता येत नव्हतं त्या वर्षी. मंग तेच चालू राहिलं."
तीस-एक वर्षं आम्ही ज्याला पद्धत समजतो ते हे.

१० डिसें.
यादी दिली. सोळा नावं. पिचर: आरती. सोळावं नाव सुषमा. तिला विचारलं नाही. फोटो आणि कागद गेल्या वर्षीचे माझ्या फाइलीत होते. सगळ्यांना ग्रुपवर यादी पाठवली. तिने पाहिली, निळी खूण आली. उत्तर नाही.
प्र.चा फोन, आठवड्याने पहिला.
"म्हणजे दोन्ही?"
"दोन्ही."
"दोन्ही म्हणजे काहीच नाही, मॅडम."

१८ डिसें.
स्टेशनवर पंधरा जणी. गाडी लागली आणि सु. आली. आठवड्याची रजा टाकून. ग्लोव्ह नाही, अर्थात.
"सामान मोजाले कोणीतरी पाहिजे ना," ती.
वर्ध्याच्या पुढे आरती आपणहून तिच्याशेजारी जाऊन बसली. सु. मोज्यांचा गोळा करून बोटं कशी ठेवायची ते दाखवत होती. डाव्या हाताने.

२० डिसें.
पहिला सामना. आरतीने भरकटलेले चेंडू टाकून अकरा जणींना फुकट बेस दिला. तरी सात-सहा जिंकलो. बाहेर नाही गेलो. माझा अंदाज चुकला, बरं वाटलं नाही, वाटायला हवं होतं.

२१ डिसें.
सकाळी उपांत्यपूर्व. पुन्हा आरती. जिंकलो. शेवटच्या चेंडूनंतर सगळ्या तिच्या अंगावर. सु. बाकावर बसून तिचे चेंडू मोजत होती. मला आकडा सांगितला. एका हातासाठी जास्त आहे. दुपारी विश्रांती.

२२ डिसें.
उपांत्य. हरलो, मोठ्या फरकाने. आरती चौथ्या इनिंगपासून खांदा झटकत होती. मी बदलली नाही. कुणाला उतरवणार होते? यादीत नाव असलेली दुसरी पिचर एकच होती, आणि तिच्याकडे पाहायचं मी टाळलं.
उद्या साडेनऊला तिसऱ्या जागेचा सामना. जिंकलो तर सगळ्यांना प्रमाणपत्र. हरलो तर प्र.चं संपलं.
आरतीच्या वडिलांचा फोन. "मॅडम, तिचा हात सांभाळजा. क्रिकेटवाले जानेवारीत पाहून राहिले." हो म्हटलं.

२३ डिसें., सकाळी, मैदानावर
सामन्यात उतरणाऱ्या नऊ जणींची चिठ्ठी अर्धा तास आधी द्यायची. आठ पन्नास झाले.
आरती आली. मी काही विचारायच्या आधीच, "मॅडम, हात अजिबात नाही दुखत." उजवा हात जॅकेटच्या खिशात.
सु. पाण्याचा जार भरते आहे. इकडे पाहत नाही.
प्र.ला बाजूला घेतलं. दोघींचे चेंडू तिच्याइतके कुणी झेललेले नाहीत. कोण, असं सरळ विचारलं. आजवर कुणालाच विचारलं नव्हतं.
तिने पॅड बांधणं थांबवलं नाही.
"आरतीचे बॉल काल शेवटी हलके येऊन राहिले होते. आज दोन इनिंग निघन. तीन नाही."
"आणि सुषमा?"
"सुषमादीची वेणी आज मी घातली. हात मागे जाऊन नाही राहिला त्यायचा." पट्टा ओढला. "मले वाटलं होतं तुम्हाले माहीत नसन. धंतोलीचं त्यायनं सकाळी सांगितलं. तुम्ही सोबत होत्या."
 मान हलवली.
"मग तूच सांग," मी म्हणाले. म्हणायला नको होतं.
"नाही सांगत. मी सांगितलं तं नोकरीवर रोज जाताना मले तेच दिसन." मास्क घेतला. "आणि हरलो तरी दिसन. तुम्ही कोच आहा ना, मॅडम? लिहा."
गेली. होमप्लेटमागे बसली आहे. अजून समोर कुणी नाही, तरी ग्लोव्ह पुढे धरून.
आठ नावं लिहून झाली. पिचरची ओळ रिकामी. पंच एकदा येऊन गेले, दहा मिनिटांनी येतो म्हणाले. त्यातली सहा हे लिहिण्यात गेली.